स्विच घेण्याआधी एकदा केबल काढून बघ

नागपूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. गाणं ऐकायच्या सिस्टिमसाठी दिवाळीच्या आत नवा नेटवर्क स्विच, म्हणजे इथरनेटच्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी, घरभर कॅट-८ नेटवर्क केबल, स्विचला ॲडॉप्टरऐवजी ट्रान्सफॉर्मरवाला वेगळा लिनियर पॉवर सप्लाय आणि वरून त्याला ठेका देणारं १० मेगाहर्ट्झचं बाहेरचं क्लॉक, असा तुझा बेत. मेल्को, इनुओस, सायलेंट एंजल अशी तीन कंपन्यांची नावंही काढून ठेवली आहेस. आणि शेवटी विचारलंस, "तू मागच्या वर्षी हे सगळं करून बसला आहेस, खरं सांग, फरक पडतो का?" उत्तराला आठ दिवस लागले, कारण घाईत हो किंवा नाही म्हणावंसं वाटेना. व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर एका कॅसेट डेकपुढे आपण दोघांनी कान तयार केले. तुला उडवून लावणारं उत्तर मी देणार नाही.

आधी एक विनंती. ॲडव्हान्स दिला नसशील तर महिनाभर थांब.

मागची खोली तुझ्या ओळखीची आहे, आंब्याच्या बाजूची. बाबा गेल्यावर सिस्टिम तिकडे हलवली. राउटर आणि नॅस, म्हणजे सगळ्या सीडी उतरवून ठेवलेली नेटवर्कवरची डिस्कची पेटी, हॉलमध्येच राहिले. मधल्या भिंती जुन्या, दीड-दीड फुटांच्या, त्यामुळे वायफायवर गाणं अडखळायचं. म्हणून २२ मीटर केबल ओढली. विकणाऱ्यानं कॅट-७ गळ्यात मारली. आत प्रत्येक जोडीला फॉइल, वरून जाळी, दोन्ही टोकांना धातूचे प्लग. "हाय-एंडला हीच लागते," म्हणाला. मी घेतली. एप्रिल होता.

आता आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे कूलर. बाहेर ४५ अंश, खिडकीत कूलर घोंघावतोय, अशात सिस्टिम किती शांत आहे ते कुणाला कळणार? जूनच्या अखेरीस पहिला दमदार पाऊस झाला, कूलर बंद केला आणि त्या रात्री वसंतराव देशपांड्यांचा मारवा राग लावला. आपल्या शंकरराव सप्रे गुरुजींचा हा शिष्य, त्यामुळे ऐकताना नागपूरकराचा ऊर जरा जास्तच भरून येतो. पण आलापाच्या दोन जागांमधली जी शांतता असते, तिच्यात काहीतरी होतं. स्पीकरला कान लावला तर हम, विजेची ती घूं-घूं. बारीक, पण सलग.

तुला म्हणून हिशेब सांगतो. तंबोरा काळी एकला लावला तर मधला षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झवर येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची तिप्पट १५०. म्हणजे षड्जाच्या वर, कोमल रिषभ ओलांडून आणि शुद्ध रिषभाच्या अलीकडे, कुठल्याच सप्तकात न बसणारा एक सूर. मारव्याचा सगळा जीव त्या कोमल रिषभात, आणि त्याच्या शेजारी भिंतीतून दुसराच कुणी बेसूर रिषभ धरून बसलेला. एकदा कानात बसल्यावर तो जाईना. मी महिनाभर मारवा लावला नाही.

मला वाटलं दोष स्विचचा. तोपर्यंत खोलीत साधा पाच पोर्टचा स्विच होता, अडीच इंची ॲडॉप्टरवर चालणारा. म्हणून ऐंशी हजारांचा स्विच घेतला. जाड ॲल्युमिनियमची पेटी, आत वेळेचा ठेका धरणारा निवडक क्रिस्टल, सोबत वेगळा पॉवर सप्लाय. पहिल्या रात्री मला खरोखर वाटलं की तंबोऱ्याची जवारी उघडली, गाणाऱ्याच्या मागे जागा तयार झाली. हे मी तुला फोनवर सांगितलंही होतं, आठवत असेल. ते बोलणं आज मी परत घेतो. कारण हम जशीच्या तशी होती.

तीन आठवड्यांनी रॅकमागची धूळ पुसताना लांब केबलचा प्लग स्विचमधून निसटला. गाणं सुरूच राहिलं, कारण स्ट्रीमरनं, म्हणजे नेटवर्कवरून गाणं ओढून वाजवणाऱ्या पेटीनं, पुढचा भाग आधीच आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, भरून घेतला होता. आणि हम गेली. मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. चाळीस-पन्नास सेकंद इतकं स्वच्छ गाणं त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या वेळात नेटवर्क जागेवर नव्हतंच. प्लग परत लावला, हम परत. काढला, गेली. त्या रात्री दहा-बारा वेळा केलं.

यातून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही तुझ्या बेताला लागू आहेत.

पहिली बिटांची. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. इथरनेटच्या एका पाकिटात १,५०० बाइट मावतात, म्हणजे सेकंदाला सव्वाशेच्या आतच पाकिटं. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ घेतलंस तरी ९.२ मेगाबिट, आणि साध्यातल्या साध्या स्विचची वाट १०० मेगाबिटची. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांची खूण असते, ती जुळली नाही तर पाकीट टाकून देतात आणि टीसीपी हा नेटवर्कचा नियम ते पुन्हा मागवून घेतो. ही पाकिटं स्ट्रीमरच्या मेमरीत जमतात, तिथून पुढे वेळ सांभाळतो तो डॅकजवळचा, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाजवळचा, क्रिस्टल. बहुतेक चांगल्या डॅकमध्ये असे दोन असतात, ४४.१ च्या घराण्यासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या घराण्यासाठी २४.५७६. स्विचमधलं क्लॉक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पोस्टमननं पत्र कुठल्या चालीनं आणलं यावर पत्रातलं अक्षर ठरत नाही. म्हणून त्या १० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर तू पैसा घालू नकोस असं मी ठामपणे सांगतो.

दुसरी गोष्ट तांब्याची, आणि खरी मेख तिथे आहे. केबल बिटांबरोबर वीजही वाहते. इथरनेटच्या सॉकेटात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, १,५०० व्होल्टपर्यंतचं आयसोलेशन मिळावं असा प्रमाणित नियमच आहे, त्यामुळे आतल्या चार जोड्या दोन्ही उपकरणांना बऱ्यापैकी वेगळं ठेवतात. पण केबलला शील्ड, म्हणजे ती फॉइल-जाळी, असेल आणि दोन्ही टोकांना धातूचे प्लग असतील, तर ती शील्ड एका पेटीची बॉडी दुसऱ्या पेटीच्या बॉडीला थेट जोडते. ट्रान्सफॉर्मर बाजूलाच राहतात. माझ्याकडे हॉलमधला नॅस तीन पिनांचा, इकडे ॲम्प्लिफायर तीन पिनांचा, आणि मध्ये २२ मीटरची शील्ड. दोन अर्थिंगमध्ये फिरणारा विजेचा फेरा, ग्राउंड लूप, आणखी वेगळा काय असतो?

तरीही तो एवढा जोरात का, हे कळायला इलेक्ट्रिशियन यावा लागला. साठीचा माणूस, खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं सिस्टिमकडे पाहिलंही नाही. "साहेब, अर्थिंगले पाणी देऊन राहिले का नाही?" मी गप्प. जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा पुढच्या अंगणात, मागची खोली नंतर बांधली तिचा खड्डा वेगळा, आणि त्यावर आम्ही पाच वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले. आपली काळी माती तुला माहीत आहे, ओली असली की लोणी, सुकली की बोट जाईल एवढ्या भेगा. मातीत ओल नसली की अर्थिंगचा रोध चढत जातो. त्यानं मीटर लावला. मागच्या खोलीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ११ व्होल्ट. दोन खड्ड्यांमध्ये साडेतीन. हा सगळा फरक माझ्या कॅट-७ च्या शील्डमधून ॲम्प्लिफायरच्या वाटेनं स्वतःला मिटवत होता.

ब्लॉक उचलले, खड्ड्यात पुन्हा मीठ-कोळसा भरला, पाणी सोडायला पाइप ठेवला, दोन्ही अर्थिंग जाड तांब्याच्या पट्टीनं एकत्र बांधल्या. आता दोन व्होल्टच्या आत येतं. उन्हाळ्यात मी दर रविवारी दोन बादल्या पाणी घालतो. आणि कॅट-७ काढून साधी, शील्ड नसलेली कॅट-६ टाकली. हम गेली ती गेली.

तुझा फ्लॅट आहे, अर्थिंग एकच असेल, तेव्हा माझ्याइतका त्रास तुला नसेल. पण स्विचिंग ॲडॉप्टरमधून विजेची बारीक गळती असतेच, आणि तिला वाट हवी असते. म्हणून कॅट-८ चं ऐकून मी दचकलो. ती केबल डेटा सेंटरसाठी आहे, ३० मीटरच्या आतल्या अंतरावर ४० गिगाबिट न्यायला, आणि ती शील्डशिवाय येतच नाही. मी जी चूक पैसे देऊन विकत घेतली तीच तू जास्त पैसे देऊन घेशील.

पुढचा भाग या मे महिन्यातला. वळवाचं वादळ आलं, जवळच कुठेतरी वीज पडली आणि हॉलमधल्या स्विचचे दोन पोर्ट, टीव्हीचा नेटवर्कचा पोर्ट आणि त्या ऐंशी हजारांच्या स्विचचा एक पोर्ट एका दमात गेले. स्ट्रीमर वाचला, ते नशीब. त्यानंतर मी हॉल आणि मागची खोली यांच्यात तांबं ठेवलंच नाही. तांब्यावरचा सिग्नल प्रकाशात बदलणारे दोन मीडिया कन्व्हर्टर, त्यांत बसणारे दोन एसएफपी मॉड्यूल आणि फायबर, सगळं सात हजारांच्या आत. काचेतून प्रकाश जातो, ना वीज, ना हम, ना अर्थिंगचं भांडण. तुझ्या यादीतल्या मेल्कोच्या एस-१०० ला फायबरची सोय आहे, ल्युमिनच्या एक्स-१ सारख्या स्ट्रीमरला तर तो पोर्ट कंपनीनंच दिलाय. अपटोनच्या इथररीजेन या स्विचची सगळी रचनाच आतल्या दोन बाजू विजेच्या दृष्टीनं तोडण्यावर उभी आहे. म्हणजे जाणकार बनवणारेही याच जागेवर मेहनत घेतात.

फायबर पडल्यावर महागडा स्विच दुरुस्त होऊन आला आणि मग मी ती परीक्षा घेतली जी आधीच घ्यायला हवी होती. दोन्ही स्विच शेजारच्या खोलीत. मुलगी दर वेळी नाणं उडवायची, त्याप्रमाणे केबल लावायची आणि दाराआडून हाक द्यायची. मी कुठला ते लिहायचो. एकच दोन मिनिटांचा तुकडा, आवाज तोच, १६ वेळा. माझे ९ बरोबर आले. नुसत्या नाण्यानं ८ आले असते. तुझ्या वहिनीचे ७ आले, आणि तिचा कान माझ्याहून तिखट आहे हे तू जाणतोस. वाईट वाटलं रे. पैशांचं नाही, त्या पहिल्या रात्रीच्या आनंदाचं. तो आनंद खोटा नव्हता, मी इतकं लक्ष देऊन महिनोन्‌महिने ऐकलं नव्हतं, म्हणून तंबोरा उघडला होता. पण श्रेय त्या पेटीचं नव्हतं.

लिनियर सप्लायबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. फायबरनंतरचा जो शेवटचा कन्व्हर्टर स्ट्रीमरला लागून असतो, तेवढ्याला तो जरूर दे. बर्डीच्या बाजारातून छोटा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर आणला, एलएम-३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप लावून मीच बनवला. हीटसिंक मोठी ठेवावी लागली, आपल्या मे महिन्यात कपॅसिटर आधीच अर्धमेले होतात. आवाजात फरक ऐकू आला असं मी शपथेवर सांगणार नाही. पण गळती कमी होते हे मीटरवर दिसतं आणि खर्च थोडा आहे. मात्र व्होल्ट आणि प्लगच्या मधल्या पिनची खूण दोनदा तपास.

आणि एक बारीक गोष्ट, मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच घेतलासच तर. वीज वाचवणारी ग्रीन इथरनेटची सोय बंद ठेव, काही स्ट्रीमर तिच्यामुळे मधेच गप्प होतात. ॲपमध्ये स्ट्रीमर दिसेनासा झाला तर आयजीएमपी स्नूपिंगची सेटिंग पाहा.

आज रात्री घर शांत झालं की एवढं कर. तुला पाठ असलेलं गाणं लाव, मिनिटभर जाऊ दे, मग नेटवर्कची केबल स्ट्रीमरमधून काढ. बफरवर गाणं चालू असेपर्यंत स्पीकरजवळ कान नेऊन ऐक. काहीच बदललं नाही, तर स्विच बदलून तुझ्या घरात काय सुधारणार ते मला सांग. काही बदललं, तर आधी साधी कॅट-६ लावून बघ, मग फायबर. दोन्ही करून मन भरलं नाही तर बोलू.

डिसेंबरात आझाद हिंद एक्सप्रेसनं ये, वहिनींना घेऊन. माझा स्विच कपाटात आहे, हवा तर महिनाभर घेऊन जा, तुझ्या खोलीत तुझ्याच कानांनी परीक्षा घे. तुझा जुना स्विच मात्र ॲडॉप्टरसकट आण, मुलीनं नाणं आत्तापासून बाजूला काढून ठेवलंय.

तुझाच,
मागच्या खोलीतला मित्र