मोटार मोडीत काढण्यापूर्वी टोपण तरी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका सार्वजनिक कार्यालयाने निकामी साहित्याच्या लिलावाची जाहीर सूचना लावली आहे. तिच्यातील यादीत मोडक्या खुर्च्या, पत्र्याची कपाटे आणि झिजलेले टायर यांच्या सोबतीला ‘बोटीचे इंजिन, नग ३, नादुरुस्त’ अशी एक ओळ आहे. बोटीच्या या तीन मोटारी कोणी तपासल्या, त्यांत नेमका कोणता बिघाड आढळला आणि दुरुस्तीचा खर्च किती निघाला, याचा त्या सूचनेत उल्लेख नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली असून निवृत्तीनंतर नदीकाठच्या मच्छीमारांच्या लहान मोटारी दुरुस्त करण्याचा नाद मला लागला आहे. त्या अनुभवाच्या आधारे काही लिहावेसे वाटते.

खानदेशात बोटीच्या मोटारीचे काय काम, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटू शकेल. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे, झाल्यापासून मैलोगणती पाणी साठून राहते. हतनूर धरणाचा फुगवटा चांगदेवच्या संगमापर्यंत जातो. आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या पाड्यांना तर सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून अनेक ठिकाणी नाव हाच रस्ता आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. अशा पाण्यात बाळंतिणीला घेऊन निघालेली नाव मध्येच बंद पडली, तर वल्ही मारून काठ गाठायला किती वेळ लागेल, हे तिथल्या माणसाला विचारावे.

नावेच्या मागच्या फळीला अडकवायची ही सुटी मोटार म्हणजे काही अगम्य यंत्र नव्हे. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये तिचा व्यापारी नमुना बाजारात आणला, तेव्हापासून तिचा सांगाडा फारसा बदललेला नाही. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाला गिअरपेटी आणि तिला पंखा, एवढाच तिचा विस्तार. जुन्या लहान मोटारी बहुतेक टू-स्ट्रोक असतात. ज्या मिस्त्रीने राजदूत, येझदी किंवा लुना उघडली आहे, त्याला वरच्या अर्ध्या भागात नवे काहीच दिसणार नाही. नवे आहे ते खालच्या अर्ध्या भागात, आणि आपले मिस्त्री तिथेच बिचकतात.

मागील वर्षी आमच्या शेजारच्या एका भोई कुटुंबाने अशीच एक मोटार भंगाराच्या भावाने, वजनावर विकत घेतली. ती ६ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची जुनी जॉन्सन होती. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचे जड चाक, हलत नसल्यामुळे ‘जाम, निकामी’ असा शेरा तिच्यावर खडूने लिहिलेला होता. मोटार गोदामात कशी ठेवली होती, ही चौकशी मी आधी केली. ती भिंतीला टेकवून, डोके खाली आणि पंखा वर अशी ठेवलेली होती. तशा स्थितीत खालच्या भागात राहिलेले पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरात उतरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून धरतात. म्हणजे मोटार चालून जाम झाली नव्हती, ठेवताना जाम झाली होती. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि रोज सकाळ-संध्याकाळ फ्लायव्हील हाताने हलके दाबत राहिलो. पाचव्या दिवशी ते सुटले. हातोडीचा एकही घाव घालावा लागला नाही. घातला असता, तर ॲल्युमिनियमचे डोके तडकले असते. गेज लावून पाहिले तेव्हा दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जवळजवळ सारखे आले. आकडा थोडा कमी असला तरी चालते, मात्र दोहोंत मोठा फरक नको.

पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचे हत्यार, लावून फ्लायव्हील काढल्यावर खालचे ठिणगीचे पॉइंट, ज्यांना आमच्याकडचे मिस्त्री ‘प्लॅटिनम’ म्हणतात, पांढरट पडलेले दिसले. ते घासून त्यांतील अंतर इंचाच्या २० सहस्रांशावर, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर बसवले. एका कॉइलचे वेष्टण तडकले होते. या जुन्या मोटारींचा तो नेहमीचाच रोग. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा मधासारखा चिकट थर बसून जेट बुजले होते. हे सगळे दोन दिवसांचे काम झाले.

खरा वेळ गेला तो गिअरपेटीत. खालचा स्क्रू सैल करताच काळसर तेलाऐवजी ताकासारखे पांढरे पाणी आले. पंखा काढला तर दांड्याभोवती मच्छीमारी जाळ्याचा नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. आपल्या नद्यांत हे फार घडते. जाळ्याचा तुटका तुकडा पंख्यात येतो, दोरा पंख्यामागे शिरतो, फिरता फिरता ऑइल सीलचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचे, ओठ कापतो आणि पाणी आत जाते. चालवणाऱ्याला काही दिवस कळतही नाही, कारण मोटार नीट चालत असते. महिन्यातून एकदा पंखा काढून दोरा कापून टाकणे, एवढाच त्यावरचा उपाय. पण तो मी फार थोड्या नावाड्यांना करताना पाहिले आहे. आमच्या सुदैवाने गिअरच्या दात्यांना गंज लागला नव्हता. मात्र पंख्याच्या पिनेच्या जागी कोणीतरी पोलादी खिळा ठोकला होता. ती पिन मुद्दाम मऊ धातूची असते, बुडालेल्या बाभळीच्या बुंध्यावर पंखा आदळला की तिने तुटावे आणि गिअर वाचावा म्हणून. खिळा तुटत नाही, दाते तुटतात.

थंड करणारे पाणी वर खेचणाऱ्या पंपातील इंपेलर, म्हणजे रबरी पात्यांचे चाक, तर कडक होऊन एका बाजूला वाकलेला होता. पुरातील गढूळ पाण्याने तो झिजतो, आणि पाण्याबाहेर मोटार ‘सुरू होते का पाहू’ म्हणून दोरी ओढणाऱ्या उत्साही मंडळींमुळे तो जळतो, कारण त्याला ओलावा देणारे पाणीच तिथे नसते. हा भाग मुंबईहून टपालाने मागवावा लागला. सील, कॉइल, इंपेलर, प्लग आणि तेल मिळून खर्च पाच हजारांच्या आत बसला. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरून, पंखा काढून ठेवून मोटार चालवली. तिसऱ्या ओढीला तिने धूर सोडला आणि थंड करणारे पाणी मागून नीट पडू लागले. आज ती प्रकाशाजवळच्या पाण्यात रोज जाते.

इंधनाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याच्या धोरणाविषयी मला येथे वाद घालायचा नाही. आमचा भाग उसाचा आहे, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. परंतु इथेनॉल हवेतील आणि टाकीतील ओल शोषून घेते, ती फार झाली की पाणी आणि इथेनॉल यांचा थर तळाशी बसतो, आणि टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेले वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. नळी तळातून ओढते, त्यामुळे मोटारीला वंगण नसलेला तळचा थर मिळतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला बुचाचा तरंगा त्यात खराब होतात. म्हणून मोटार काही महिने बंद राहणार असेल, तर तिच्यात पेट्रोल कधीच ठेवू नये. नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत मोटार चालू द्यावी, प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडावे आणि ती उभी ठेवावी. तेलही स्कूटरचे नको, पाण्याने थंड होणाऱ्या मोटारींसाठीचे ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे हवे. प्रमाण मोटारीच्या वयावर ठरते: बेअरिंगऐवजी साध्या बुशाच्या (धातूच्या नळीच्या) फार जुन्या मोटारींना २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल, नंतरच्या बहुतेकांना ५० ला १.

नव्या मोटारीसाठी निधी मिळतो, जुनीच्या सीलसाठी मिळत नाही, हे मी नोकरीत असताना इतर यंत्रांबाबतही पाहिले आहे. आणीबाणीसाठी घेतलेली मोटार एकदाही पाण्यात न उतरता गोदामात पडून राहते, आणि चार वर्षांनी सुरू होत नाही म्हणून तिला निकामी ठरवणाऱ्या समितीत बहुधा मिस्त्रीच नसतो. बोटीची मोटार मोडीत काढण्यापूर्वी कॉम्प्रेशन, ठिणगी आणि गिअरपेटीचे तेल या तीन गोष्टींची सही-शिक्क्यानिशी नोंद सक्तीची करावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. तसेच नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील आयटीआयनी मोटार मेकॅनिकच्या मुलांपुढे अशी एक तरी जुनी मोटार उघडून ठेवावी. टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या, तसे ते हातही वर्गातून जात आहेत.

सूचनेप्रमाणे लिलाव अजून झालेला नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्यास पुलर, गेज आणि पाण्याचे पिंप घेऊन मी स्वखर्चाने येईन आणि तिन्ही मोटारी त्यांच्यासमोरच उघडून दाखवीन. त्यांतील दोन जरी उठल्या, तरी त्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर पाठवाव्यात, एवढीच माझी अट आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त निदेशक, ता. शहादा, जि. नंदुरबार