कादंबरी छापण्याआधी कुणाला तरी वाचून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी 2026 मध्ये आपल्या साताऱ्यात शाहू स्टेडियमवर 99 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष विश्वास पाटील, म्हणजे कादंबरीकारच. तेव्हापासून माझ्या दुकानात कादंबरीची वही घेऊन येणारी मुलं-मुली वाढली आहेत. राजवाड्याजवळ मी चोवीस वर्षं अक्षरजुळणी करते. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "ताई, छापायला किती खर्च येईल?" आणि लगेच पुढे, "प्रकाशनाला कुणाला बोलवावं?" कुणाला वाचून दाखवलीय का, असं मी विचारलं की गप्प होतात. हे पत्र त्यांच्यासाठी.

माझ्या वडिलांनी एक कादंबरी लिहिली. आप्पा पाटण तालुक्यातले, प्राथमिक शिक्षक. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तेरा वर्षांचे होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं लिहीत बसले. 312 पानं झाली, टाईप मीच केली. सुरुवातीला डोंगर, धुकं, नदी, मग घराण्याची सगळी हकीकत. भूकंप येतो पान 43 वर. माझी आजी पहाटे दळायला बसलेली. घर हललं तशी अंधारात बाहेर धावली. उजाडल्यावर लोकांनी बघितलं, तर तिच्या मुठीत जात्याचा खुंटा. जातं आत ढिगाऱ्याखाली. दिवसभर ती तो खुंटा धरून फिरली. रात्री उघड्यावर तीन दगड मांडून चूल पेटवली, सरपण पुरेना, तरी तिनं खुंटा जाळू दिला नाही.

ते टाईप करताना माझी बोटं थांबली होती. पण "आप्पा, इथून सुरू करा" म्हणायचा मला धीर झाला नाही. ती चूक माझी.

2014 साली मोठ्या शहरातल्या एका प्रकाशकानं आप्पांच्या पेन्शनमधले 65 हजार घेतले. सगळं तोंडी. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे म्हणून वर तीन हजार लावले. हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला स्वतःलाही फुकट मिळतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. प्रती 500. हॉल घेतला, शाल-श्रीफळ, पोहे-चहा, तीनशे माणसं. आप्पांनी शंभरावर प्रती हौसेनं वाटल्या. नंतर वाचून एकाचाही फोन आला नाही. उरलेले गठ्ठे माडीवर ठेवले, आणि पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्यांना बुरशी लागली. आप्पा त्या खोलीत जायचे बंद झाले.

तीन वर्षांपूर्वी वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, एका गावच्या वाचनालयानं त्यांना बोलावलं. मी म्हटलं, भाषण करू नका, 43 ते 46 एवढीच पानं वाचा. नऊ मिनिटं लागली. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून म्हणाली, "गुरुजी, माझ्या सासूच्या हातात पाळण्याची दोरी व्हती." मग एकेक जण बोलायला लागला. त्या संध्याकाळी 22 प्रती गेल्या, विकत. पुढे आम्ही बापलेक एसटीनं अकरा वाचनालयं फिरलो. आज घरात बारा प्रती उरल्यात.

म्हणून सांगते, टाईप करायच्या आधी कादंबरी मोठ्यानं वाचा, शक्यतो फार ओळख नसलेल्या माणसापुढे. ऐकणारा मोबाईल उचलेल तिथं पेन्सिलीनं फुली मारा. जिथं त्याचा चहा निवेल ते पान पुढे आणा. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मनं छापतात, त्यामुळे वीस पानांचं धुकं काढलं तर पैसेही वाचतात. माण तालुक्यातला एक मुलगा आला होता. त्याच्या कादंबरीतला मेंढपाळ म्हणतो, "मला अत्यंत दुःख झाले आहे." मी म्हटलं, हे आईला वाचून दाखव. आई म्हणाली, "आसं कोण बोलतंय? म्हण, दोन मेंढरं गेली, भाकर गॉड लागंना." त्यानं तेच लिहिलं. एवढ्या एका ओळीनं तो माणूस उभा राहिला.

लेखी करार केल्याशिवाय हस्तलिखित देऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनंच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि करारात वेगळं काही नसेल, तर वर्षभरात हक्क न वापरणाऱ्या प्रकाशकाकडून ते लेखकाकडे परत येतात. पहिल्या पुस्तकासाठी राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कर्ज काढण्याआधी तिथं अर्ज करा.

प्रसिद्धीचं म्हणाल तर चाळीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुखपृष्ठ टाकून 'अवश्य खरेदी करा' लिहिल्यानं पुस्तक खपत नाही, हे मी इतक्या जणांचं बघितलंय. त्यापेक्षा तुमचं ते एक पान तुमच्याच आवाजात दोन मिनिटांत रेकॉर्ड करून पाठवा. कुणी वाचून काही कळवलं तर त्याचं नाव-गाव वहीत लिहा, उत्तर द्या. आप्पांच्या अशा वहीत आता 140 नावं आहेत, आणि दुसरी कादंबरी ते त्यांनाच आधी सांगणार आहेत.

दुपारी दोन ते चार माझ्या दुकानात गर्दी नसते. वही घेऊन या, दहा पानं मोठ्यानं वाचा, मी ऐकते. त्याचे पैसे नाहीत. टाईपिंगचं नंतर बघू.

आपली,
एक अक्षरजुळणी करणारी वाचक,
सातारा