उसाच्या ट्रॉलीचे टायर आणि डिझेलचा हिशेब

मा. संपादक,

गळीत हंगाम तोंडावर आला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या गॅरेजांपुढे ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रकवरून उतरवलेले जुने नायलॉन टायर (आत नायलॉन धाग्यांचे तिरपे थर असलेले), नाहीतर स्वस्तातले रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेले टायर चढवून त्या बाहेर पडतात. डिझेल जास्त जाऊ लागले की पंप आणि नोझल तपासले जातात, टायरकडे कुणी पाहत नाही. वाहतूकदारांचे खरे नुकसान तिथेच होते.

डबल ट्रॉली, म्हणजे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ताशी २०-२५ किलोमीटरने चालते. या वेगाला वाऱ्याचा अडथळा नगण्य, त्यामुळे सपाट रस्त्यावर ट्रॅक्टरची जवळपास सगळी ओढ टायरच खातात. टायर वजनाखाली दबतो, पुन्हा गोल होतो, त्यात रबर तापते. ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. चांगल्या डांबरी रस्त्यावर रेडियल टायरला (आतले धागे आडवे, सरळ असलेला) टनामागे साधारण ७ किलो ओढ लागते, नायलॉनला १० ते ११. ऊस आणि दोन ट्रॉल्या मिळून २० टन धरले तर फरक ७० किलोंच्या आसपास पडतो. इंजिन आणि गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली, तर २५ किलोमीटरच्या एका भरल्या खेपेला हे सुमारे दोन लिटर डिझेल झाले. घाटात मात्र हे गणित बदलते. शंभराला पाच चढ असेल तर चढावालाच टनामागे ५० किलो लागतात. तिथे टायर बदलून फारसे हाती लागत नाही.

तरीही सर्वांनी रेडियलच घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. रेडियलची कड, म्हणजे बाजूची भिंत, पातळ असते. तोडलेल्या उसाचे धारदार बुडखे आणि बांधावरचे दगड ती फाडतात, आणि कड फाटली की टायर गेलाच. ट्रॉली रोज फडात आत जात असेल तर नायलॉनच बरा. ट्रॉल्या पाणंदीच्या तोंडाशी भरून पुढे डांबरीच रस्ता असेल तर रेडियल परवडतो. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असे कधीही करू नये. रेडियलला ट्यूबही रेडियलचीच हवी. साधी घातली तर घडी पडून फाटते. ट्रॉलीची चाके नुसती ओढली जातात, म्हणून त्यांना खोल लगची (जाड आडव्या दातांची) नक्षी नको, सरळ रेषांची रिब नक्षी पुरे.

नवा टायर परवडत नसेल त्यालाही हवा फुकट सुधारता येते. सगळ्या टायरमध्ये १० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा कमी असेल तर डिझेल सुमारे एक टक्का जास्त जाते, कड तापते ती वेगळीच. रेडियल हवा पुरी असतानाही खाली फुगलेला दिसतो, त्यामुळे लाथ मारून किंवा नजरेने अंदाज चुकतो. दाब मोजणारा गेजच लावावा लागतो. हवा थंड टायरमध्ये, टायरच्या कडेवर वजनासमोर लिहिलेल्या आकड्यानुसार भरावी. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे आणि दुपारी १५ अंशांचा फरक सहज पडतो. १०० पीएसआयच्या टायरमध्ये तेवढ्यानेच ५-६ पीएसआय वाढतात. चालून तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडून देणे ही सर्वांत नेहमीची चूक. टायर निवला की तो कमी हवेवरच चालतो.

ऊस ट्रकने नेणाऱ्यांनी मागची जोडचाके मोजावीत. १०.००-२० मापाच्या टायरच्या जोडीत व्यासाचा फरक १२ मिलिमीटर असला तर दोन्ही चाके एकाच गतीने फिरत असल्याने किलोमीटरमागे सुमारे ११ मीटर रबर रस्त्यावर घासले जाते. एक नवा आणि एक झिजलेला टायर शेजारी बसवू नये.

सीमाभागातल्या साखर कारखान्यांकडे एकच मागणी आहे. यार्डात ट्रॅक्टर नंबरसाठी तासन् तास उभे असतात. तोवर टायर पूर्ण निवतात, म्हणजे हवा तपासायची हीच योग्य वेळ. वजनकाट्याजवळ एक कॉम्प्रेसर, लांब नळी आणि खात्रीचा गेज ठेवावा, आणि यंदाच्या हंगामाची पहिली मोळी टाकण्याआधीच ठेवावा.

– ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्ती करणारे काही कारागीर,
ता. हुक्केरी, जि. बेळगाव