अण्णा, त्या कुत्र्यांना हात लावू नका

आई, अण्णा,

फोनवर अण्णा बोलायलाच तयार नव्हते आणि आई नुसती रडत होती, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. बंटीला मोठ्याने वाचायला सांगा, दोघं एकत्र बसून ऐका.

अण्णा, भाकरीत औषध घालायचं तुम्ही बोललात असं आईने सांगितलं. तसलं काहीच करायचं नाही. समोरच्या काकांच्या कुत्र्यांनी दोन शेळ्या आणि ती गाभण पाट, आपली तरणी शेळी, मारली, तुमचा जीव किती जळतोय ते कळतंय मला, माझी कॉलेजची फी याच वाडग्यातल्या बोकडांवर भरलीय. पण जनावराला विष घातलं तर भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाने ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे नुकसान आपलं आणि आरोपीही आपणच. आणि ती कुत्री आपल्याला जिवंतच पाहिजेत, १० दिवस ठणठणीत राहिली तर चावली तेव्हा पिसाळलेली नव्हती हे समजतं. मेली तर कसं समजणार?

तेवढे दिवस नुसतं बघत बसायचं नाहीये. आई, तू शेळ्यांच्या जखमा उघड्या हातांनी धुतल्यास, तुझ्या हाताला बारा महिने भेगा. उद्याच सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस फुकट असते, एका सुईवर भागवायचं नाही, देतील त्या सगळ्या तारखांना जायचं. चावलेल्या शेळ्यांसाठी १९६२ ला फोन लावा, जनावरांचे डॉक्टर सांगतील तसा त्यांचाही कोर्स पूर्ण करायचा, जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने पुन्हा धुवायच्या पण हातात ग्लोव्हज घालून. आणि अण्णा, धारेचं कच्चं दूध बंद म्हणजे बंद.

आता मी जे ठरवून टाकलंय ते सांगते, रागावू नका. मी समोरच्या काकांना फोन केला. तंटामुक्तीच्या अध्यक्षांशीही बोलले, रविवारी बैठक आहे आणि आपण पोलीस केस करत नाहीये. अण्णा, विहिरीच्या वेळी काय झालं ते मला माहितीय, मी तेव्हा आईच्या पदराला धरून उभी होते. पण कोर्टाच्या तारखांना तालुक्याला कोण जाणार, तुमचा गुडघा तो तसला, मी इथे पुण्यात, आणि रात्री छातीत दुखलं तेव्हा बार्शीला नेणारी गाडी काकांचीच होती ना? काका दोन शेळ्यांचे पैसे देतायत, पाटीचे नाही म्हणतात, मी हो म्हणून टाकलं. तुम्ही हरलात असा अर्थ काढू नका. त्या पाटीला तुम्ही बाटलीने दूध पाजून जगवलं होतं, तिचे पैसे घेऊन तरी तुम्हाला झोप लागली असती का?

मात्र बैठकीत सगळं लेखी घ्यायचं, दोघांच्या सह्या पाहिजेत. कुत्री दिवस मावळायच्या आत साखळीला, त्यांना रेबीजची लस, आणि पुन्हा असं झालं तर पूर्ण भरपाई. लोक सांगतायत तसं फॉरेस्टला लांडगा म्हणून अजिबात सांगायचं नाही, ते पंचनाम्याला येऊन ठसे, दातांच्या खुणा बघतात, कुत्र्याने मारलं तर त्यांच्याकडून भरपाई मिळत नाही आणि खोटं बोलल्याचं नाव मात्र आपलं होतं.

वाडग्याला जाळी मारायला माणूस सांगितलाय, ॲडव्हान्स दिलाय, तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही. खालून फूटभर जमिनीत गाडून घ्या, कुत्री उकरून आत शिरतात. उरलेल्या शेळ्यांचा विमा काढायचाय, कानातले बिल्ले जपा, आणि यापुढे जनावर दगावलं तर विमावाल्यांना कळवून, डॉक्टरांचं पोस्टमॉर्टेम होईपर्यंत पुरायचं नाही.

आई, तू दोन घास खा गं, उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊ नकोस. अण्णा, रात्री बॅटरी घेऊन एकट्याने वाडग्याकडे जायचं नाही, बंटीला उठवा, त्याला मी सांगितलंय. येडाईच्या यात्रेला येतेच आहे, तेव्हा काय भांडायचं ते माझ्याशी भांडा, पण रविवारी बैठकीत आवाज चढवू नका. काकांनी पाणी विचारलं तर घ्या, आणि बीपीची गोळी घेऊनच घरातून निघा.

तुमची,
सोनी