रिकामी बोंडे

मिशिगन, १४ सप्टेंबर

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

इतकी निगा राखूनही गेल्या वर्षी माझ्या होस्टाच्या (पानांच्या शोभेसाठी लावतात ते बागेतले झाड) संकराची बोंडे रिकामी का निघाली, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

होस्टाचे फूल पहाटे उमलते आणि एका दिवसात मिटते. म्हणून आदल्या संध्याकाळीच मी कळी सोलून पाकळ्या आणि सहाही पुंकेसर काढून टाकते, म्हणजे मधमाशी माझ्याआधी तिथे पोहोचत नाही. सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर टेकवून देठाला रंगीत दोरा बांधते, आपल्या पुण्याच्या गच्चीवर तुम्ही जास्वंदीला बांधता तसाच. तेव्हा हाताची चूक नव्हती. जोडी चुकली होती.

'सम अँड सब्स्टन्स' या जातीची पाने परातीएवढी होतात, त्या मोहाने मी तीच घेतली. बहुतेक होस्टांत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे ६० गुणसूत्रे असतात. हिच्यात तीन संच आहेत. पराग किंवा बीजांड तयार होताना संचांची निम्मी वाटणी व्हावी लागते आणि तिनाची ती सरळ होत नाही. आपल्या केळ्यात बी धरत नाही, त्यामागेही हेच मोठे कारण आहे. २३ फुलांपैकी २१ आठवडाभरात पिवळी पडून गळाली, आणि उरलेल्या दोन बोंडांत निघाले ते पांढरे, नखाखाली चपटे होणारे पोचट बी. जिवंत बी काळे असते आणि त्याला पातळ पंख असतो.

'वेंट्रिकोसा' या दुसऱ्या होस्टाने तर मला दोन वर्षे फसवले. तिला बी भरपूर धरते, पण पराग केवळ निमित्तमात्र. पित्याचा अंश रोपात उतरतच नाही आणि सगळी रोपे हुबेहूब आईसारखी निघतात. ज्यांना मी माझा संकर समजून वाढवले, ती सगळी तिचीच प्रतिरूपे होती, हे कळल्यावर फार वाईट वाटले.

यंदा रेघारेघांच्या पानांचे झाड मी आई म्हणून निवडले, कारण त्या पांढऱ्या-पिवळ्या रेघा मातेकडूनच उतरतात. त्यातली काही रोपे निखळ पांढरी उगवतील आणि हरितद्रव्याअभावी मरतील, याची मनाची तयारी आहे. १४ बोंडे धरली आहेत. त्यातले पहिले काल उकलले. बी काळे आहे.

ते पुण्याला मात्र पाठवत नाही. होस्टाला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. आपल्याकडे ती मिळत नाही आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. रोपांना पहिली पाने फुटली की छायाचित्रे पाठवीन.

आईस नमस्कार.

तुमची,
मृणाल