रिटुक्सिमॅब इन्फ्युजनचा नाकारलेला क्लेम आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या कागदपत्रांबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : जून महिन्यातील डे-केअर (२४ तास दाखल न होता एका दिवसात होणाऱ्या) उपचारांचा क्लेम नाकारल्याबद्दल व कागदपत्रांसाठी होणाऱ्या त्रासाबद्दल.

महोदय/महोदया,

मी सांगलीच्या गावभागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. आपल्या कंपनीची आरोग्य विमा पॉलिसी मी २०१५ मध्ये घेतली आणि तेव्हापासून एकाही वर्षी नूतनीकरणात खंड पडू दिलेला नाही. २०१८ मध्ये मला रुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले. मेथोट्रेक्सेट आणि इतर गोळ्यांनी काही वर्षे आजार आटोक्यात राहिला. पुढे त्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून मिरजेतल्या माझ्या संधिवाततज्ज्ञांनी रिटुक्सिमॅब सुरू केले. या औषधाचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने सलाईनमधून देतात आणि आजाराचा जोर पाहून काही महिन्यांनी पुन्हा देतात. गेल्या वर्षी याच रुग्णालयातला याच औषधाचा क्लेम आपण मंजूर केला होता. यंदा मात्र तो नाकारला, आणि तसे सांगणाऱ्या पत्रात दोनच वाक्ये आहेत : रुग्ण २४ तास दाखल नव्हता, आणि हा उपचार ओपीडीत होऊ शकला असता.

दोन्ही कारणे मला मान्य नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये पॉलिसीतून काय वगळता येते याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी आहे. वैद्यकीय गरज असेल तर हे उपचार रुग्णालयात दाखल करून किंवा डे-केअर म्हणून द्यावेत, ते वगळू नयेत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. इंजेक्शनमधून दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी (शरीरातल्या एका ठरावीक लक्ष्यावर काम करणारी, प्रयोगशाळेत बनवलेली प्रथिने) त्या यादीत आहेत आणि रिटुक्सिमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे. मग २४ तासांची अट इथे आणली कुठून?

ओपीडीबद्दलही सांगते, कारण ते वाक्य लिहिणाऱ्याने हे औषध देताना कधी पाहिले नसावे असे मला वाटते. आधी ॲलर्जी रोखणारी इंजेक्शने आणि स्टिरॉइड देतात. मग सलाईन अगदी संथ सुरू करतात आणि त्रास होत नाही असे पाहून वेग थोडा थोडा वाढवतात. रक्तदाब आणि नाडी सतत तपासावी लागते, कारण थंडी वाजून ताप येणे, अंगावर गांध्या उठणे, श्वास लागणे हे कधीही होऊ शकते. माझा सगळा दिवस त्या खाटेवर जातो. हे काम दवाखान्याच्या बाकावर बसवून करण्याजोगे नाही, आणि माझ्या डॉक्टरांनी तसे पत्रही दिले होते. आपल्या नकारात त्या पत्राचा साधा उल्लेखसुद्धा नाही.

कॅशलेसचा, म्हणजे रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरण्याचा, अनुभवही असाच. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार (एकत्रित परिपत्रकानुसार) कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा आहे. मला सकाळी खाट मिळाली, रुग्णालयाने कागद लगेच पाठवले आणि आपल्या टीपीएचे (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचे) उत्तर संध्याकाळी आले. तेही उत्तर कसले, आणखी एक क्वेरी. औषध फ्रीजमधून काढून तयार करायचे की थांबायचे, म्हणून सिस्टर सारख्या विचारत होत्या. शेवटी मुलाने बँकेतली ठेव मोडून पैसे भरले.

त्या क्वेरीत मागितले होते आजाराच्या पहिल्या तपासणीचे मूळ कागद, म्हणजे २०१८ चे. रिएम्बर्समेंटचा, म्हणजे भरलेले पैसे परत मागण्याचा, फॉर्म भरल्यावरही तेच मागितले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा गावभागातल्या तळमजल्यांचे काय झाले हे सांगलीत कुणालाही विचारा. माझी फाईल, एक्स-रे, रक्ततपासण्या, सगळे त्या पाण्यात गेले. हे मी लेखी कळवले आहे, फोनवर सांगितले आहे, पुराच्या पंचनाम्याची प्रत जोडली आहे. तरी प्रत्येक वेळी नवीन माणूस फोनवर येतो आणि पहिल्यापासून विचारतो, “मॅडम, आजार कधीपासून आहे?”

मुळात हा प्रश्न आता विचारायची गरजच नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणावरून क्लेमला हरकत घेता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी त्याला अपवाद. माझी पॉलिसी त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि आजार पॉलिसीनंतरचा आहे. शिवाय त्याच मास्टर सर्क्युलरमध्ये असेही आहे की क्लेमचे कागद विमा कंपनीने आणि टीपीएने रुग्णालयाकडून घ्यायचे, पॉलिसीधारकाला मागायचे नाहीत. आपण मात्र रुग्णालयाकडे असलेली डिस्चार्ज समरी माझ्याकडे मागता, आणि ती पाठवली की शिक्का पुसट आहे म्हणून परत करता.

आता सर्वात जिव्हारी लागलेली गोष्ट. माझा क्लेम फॉर्म ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत आला. या आजारात बोटांचे सांधे सुजतात, झिजतात आणि वाकडे होतात. माझ्या उजव्या हाताची बोटे करंगळीकडे कलली आहेत. सकाळी तर ती इतकी आखडलेली असतात की चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. २०१५ च्या प्रस्तावावर जी सही आहे, ती मी वर्षानुवर्षे शाळेच्या हजेरीपटावर करत होते. ती आता माझ्या हातून होत नाही. ज्या आजारासाठी मी क्लेम मागते आहे, त्याच आजाराने बदललेली सही दाखवून आपण फॉर्म परत करता, याचे मला फार वाईट वाटले. तो फॉर्म हातात घेऊन मी रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

या सगळ्याचा परिणाम औषधावर झाला. पहिल्या डोसचे पैसे अडकल्याने दुसरा डोस ठरल्या दिवशी घेता आला नाही. गुडघे आणि मनगटे पुन्हा सुजली, म्हणून डॉक्टरांना स्टिरॉइड वाढवावे लागले. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि सांध्याची एकदा झालेली झीज भरून येत नाही. आपल्या नोंदीत हा एक ‘नाकारलेला क्लेम’ असेल. माझ्या बाबतीत ते माझे मनगट आहे.

माझे म्हणणे असे. जूनचा क्लेम २०१९ च्या सूचनांच्या आधारे पुन्हा तपासून पूर्ण मंजूर करावा आणि झालेल्या विलंबाचे नियमाप्रमाणे व्याज द्यावे. तरीही नाकारायचाच असेल, तर आपल्या क्लेम रिव्ह्यू कमिटीने त्याला कधी मान्यता दिली आणि पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी द्यावे; तशी मान्यता नसताना क्लेम नाकारता येत नाही. २०१८ च्या कागदांची मागणी माझ्या खात्यावरून कायमची काढून टाकावी. सहीऐवजी अंगठा किंवा आधारचा ओटीपी चालेल अशी नोंद करावी, आणि ही सोय हाताचे आजार असलेल्या सगळ्याच पॉलिसीधारकांना द्यावी. आमच्या डॉक्टरांच्या दारात माझ्यासारखी वाकड्या बोटांची पुष्कळ माणसे बसलेली असतात. सगळ्यांच्या घरी फॉर्म भरून द्यायला सून नसते.

पुढचा डोस जवळ येत आहे. म्हणून १४ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. या तक्रारीची नोंद मी आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरही करत आहे. महिनाभरात निकाल लागला नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) अर्ज करणार आहे.

सोबत नकाराचे पत्र, डॉक्टरांचे पत्र, बिले, गेल्या वर्षीच्या मंजुरीची प्रत, पंचनाम्याची प्रत आणि दोन्ही हातांचा एक्स-रे जोडला आहे. पत्र सुनेने टाइप केले आहे. मजकूर माझा आहे, आणि खाली माझी आत्ताची सही आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
(सही)
पॉलिसीधारक
गावभाग, सांगली