चाळणं दोन प्रकारचं: ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देऊन मोकळा झालो असतो. तरी उघडं लिहितोय, कारण दिवसभर एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, मराठी लिहिणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्या दुपारी तुम्ही शेजारी बसून मला जे दाखवलंत ते त्यांनाही हवं आहे.

निमित्त माझ्या चुकीचं होतं. माहितीपुस्तिकेचं मराठी करताना मी 'फाइल व्यवस्थापन' लिहायचं तिथे तीन ठिकाणी 'फाइल व्यवस्थापक' लिहिलं होतं. एक म्हणजे काम, दुसरा ते काम करणारा प्रोग्राम. सूचनांचा अर्थच फिरला आणि पुढे गेलेली पुस्तिका परत मागवावी लागली. मी खजील होऊन बसलो होतो. तुम्ही चुकीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. "हा शब्द तू टाइप केलास की निवडलास?" एवढंच विचारलंत आणि खुर्ची ओढून घेतलीत.

निवडला होता. ईमॅक्स या एडिटरमध्ये माझी पारिभाषिक शब्दांची यादी होती, नऊशेच्या आसपास नोंदींची. दोन-तीन अक्षरं लिहायची आणि टॅब दाबायचा. पहिला शब्द समोर येतो. तो नको असेल तर पुन्हा टॅब, त्याच जागी दुसरा. मग तिसरा. हवा तो दिसला की थांबायचं. कुणाच्या तरी सेटिंगमधून उचललेली 'कम्प्लिशन-सायकल-थ्रेशोल्ड' ही, किती पर्यायांपर्यंत टॅबने फिरवायचं ते ठरवणारी ओळ मी कायमची चालू ठेवली होती, त्यामुळे पर्याय दोन असोत की पन्नास, एडिटर मला त्यांच्याभोवती फिरवत राहायचा. मला ते वेगवान वाटायचं, कारण बोटं सतत हलत असायची.

तुम्ही माझी बोटं पाहत होतात. 'व्यव' लिहून मी टॅब दाबत सुटलो, हवा तो शब्द दिसेपर्यंत बोट पुढे सरकलं होतं, आणि मी सगळा फेरा पुन्हा मारला. तेव्हा तुम्ही म्हणालात ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं: "अरे, चाळणं दोन प्रकारचं असतं. पानं चाळतात तेही चाळणं आणि चाळणीतून चाळतात तेही चाळणं. तू चाळणी हातात घेऊन पानं उलटतोयस."

आपल्या भाषेत दोन्हींना एकच क्रियापद आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग तुम्ही कागद घेतलात. चोवीस पर्याय असतील आणि प्रत्येकाची शक्यता सारखी असेल, तर एकेक पुढे सरकत हव्या त्या शब्दाशी पोहोचायला सरासरी साडेबारा वेळा कळ दाबावी लागते. त्याउलट एका अक्षराने यादी चौथ्या भागावर येत असेल तर दोनच अक्षरांत एक-दोन पर्याय उरतात. पण तुमचा खरा मुद्दा कळा मोजण्याचा नव्हता. कार्ड, मोरान आणि न्यूवेल या संशोधकांनी १९८० साली मांडलेल्या मोजणीत सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि पुढच्या कृतीसाठी मनाची तयारी व्हायला १.३५ सेकंद. फेऱ्यात प्रत्येक टॅबनंतर थांबून 'हाच का?' असं ठरवावं लागतं. बोट स्वस्त आहे, ठरवणं महाग आहे, आणि मी तेच पुन्हा पुन्हा करत होतो. थकल्यावर ठरवणं सोडून द्यायचो आणि शब्दाच्या सुरुवातीवर विश्वास ठेवायचो.

मराठीत तर सुरुवातीवर विश्वास ठेवायची सोयच नाही, हे तुम्ही यादी उघडून दाखवलंत. व्यवस्था, व्यवस्थेचा, व्यवस्थेला, व्यवस्थित, व्यवस्थापन, व्यवस्थापनाला, व्यवस्थापक, व्यवस्थापकाला, व्यवस्थापकीय. यादी मी जुन्या कामांतून काढलेली, म्हणून मूळ शब्दांसोबत त्यांची विभक्तीची रूपंही आलेली. हे सगळे शब्द उंबरठ्यापर्यंत एकत्र येतात आणि मग वेगवेगळ्या खोल्यांत शिरतात. फरक शेवटी, आणि माझी नजर सुरुवातीला. 'न' आणि 'क' यांची अदलाबदल त्याच फटीतून झाली होती.

त्यानंतर तुम्ही गाळायला शिकवलंत. 'ऑर्डरलेस' नावाचं पॅकेज घातलंत. त्यात शब्दाचे तुकडे स्पेस देऊन कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ईमॅक्सच्या मिनिबफरमध्ये, म्हणजे तळाशी लिहायच्या ओळीत, स्पेसची कळ मुळात शब्द पूर्ण करण्याच्या कामाला जुंपलेली असते, तिथून ती तुम्ही सोडवलीत. मग 'व्यव कीय' लिहिलं की व्यवस्थापकीय. 'व्यव पन ला' लिहिलं की व्यवस्थापनाला. शब्दाचं शेपूट पकडून शब्द ओढायचा, हे मराठीसाठी किती सोयीचं आहे! शेवटचं अक्षर मला आधीच ठाऊक असतं, कारण वाक्यात पुढे काय येणार आहे ते मनात तयार असतं. गाळताना मी यादीला सांगतो की मला काय हवंय. फेऱ्यात यादी मला विचारत राहते.

आणि ते तुमचं "मात्रेआधी थांब". ताई, या दोन शब्दांसाठी वेगळे आभार. मी 'व्यवस्था' पूर्ण लिहून गाळायचो आणि 'व्यवस्थेला' गायब झालं म्हणून गोंधळायचो. संगणकाच्या लेखी 'थ' हे एक चिन्ह आणि काना हे त्यापुढचं वेगळं चिन्ह. सामान्यरूप होताना काना जातो, तिथे मात्रा येते. 'व्यवस्थित'मध्ये तर वेलांटी. म्हणजे 'व्यवस्थ'पर्यंत सगळे सोबत असतात आणि पुढचं एक चिन्ह लिहिलं की बाकीच्यांची वाट बंद होते. टॅबने सामायिक सुरुवात भरून घेतली तरी एडिटर नेमका त्याच 'थ'पाशी थांबतो. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "बघ, त्यालाही इथून पुढचं तूच ठरवायला हवंय."

त्या संध्याकाळी मी उत्साहात जाहीर केलं की आता फेरा कायमचा बंद. तुम्ही थांबवलंत. मला वाटतं, हा तुमच्या शिकवण्याचा सगळ्यात मोलाचा भाग होता, कारण नाहीतर एक सवय सोडून मी तितक्याच आंधळेपणाने दुसरी धरली असती.

तुम्ही 'डीअ‍ॅब्रेव्ह' दाखवलंत, आधी लिहिलेल्या मजकुरातून शब्द पुरा करणारी सोय. कळा ऑल्ट आणि तिरकी रेघ. हाही फेराच, पण याचा क्रम निराळा. तो कर्सरपासून मागे शोधत जातो, म्हणून नुकताच वापरलेला शब्द सगळ्यात आधी हाती लागतो. मागच्या ओळीत 'प्रमाणीकरण' लिहिलं असेल तर आता 'प्रम' लिहून एकदाच कळ दाबायची. पर्यायांची यादी उघडायला नको, डोळे हलवायला नकोत. एवढंच नाही, शब्द आल्यावर स्पेस देऊन तीच कळ पुन्हा दाबली तर मूळ जागी त्या शब्दानंतर जो शब्द होता तो येतो, मग त्यापुढचा. अख्खा वाक्प्रचार हाताने न लिहिता उतरतो. व्हिम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांसाठी कंट्रोल-पी अशीच मागे शोधत जाते हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. शब्द जवळ असेल आणि क्रम ठरलेला असेल, तर पानं चाळण्याइतकं सोपं काही नाही, कारण हाताला पान माहीत असतं. गाळणीत ही सोय नाही. अक्षर बदललं की यादी हलते आणि काल तिसऱ्या जागी असलेला शब्द आज पहिल्या जागी असतो.

दोन्हींची सरमिसळ कुठे घात करते तेही मला तेव्हाच कळलं. फेऱ्यात समोर आलेला शब्द मजकुरात उतरलेला असतो, म्हणून पुढचं अक्षर लिहिलं की ते त्याला चिकटतं. गाळताना तेच अक्षर यादी लहान करतं. एकच कृती, दोन परिणाम. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे हाताला ठाऊक नसेल तर चूक ठरलेलीच.

शेवटी तुम्ही ती उचललेली ओळ पुसली नाहीत, फक्त तिची किंमत बदलून तीन केलीत. २०१२च्या ईमॅक्स २४पासून ही सोय आहे आणि मी इतकी वर्षं तिचा एकच टोकाचा उपयोग करत होतो! आता पर्याय तीनपेक्षा जास्त असतील तर एडिटर फिरवत नाही, यादी दाखवतो आणि माझ्याकडून आणखी अक्षरं मागतो. तीन किंवा कमी उरले की टॅब त्यांच्यात फिरतो. आधी चाळणी, मग पानं. तीनच का, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "तीन शब्द एका नजरेत मावतात. तुझ्या नजरेत चार मावत असतील तर चार कर." मी केले नाहीत. तीनच ठेवलेत.

एक गोष्ट तुम्हाला अजून सांगायची राहिली आहे. तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात 'दुस' लिहून टॅब दाबला, तर 'दुसऱ्या' हा शब्द दोनदा आला. दोन पर्याय, अगदी सारखे. 'दुसऱ' लिहून गाळलं तर एकच. आधी वाटलं यादी बिघडली. मग दोन्ही नोंदी चिन्हाचिन्हाने उलगडून पाहिल्या. एका जागी खरा 'ऱ' आणि हलन्त होता. दुसऱ्या जागी साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचा चंद्रकोरीसारखा अर्धा र तंतोतंत एकच दिसतो. जुन्या कामांतून उचललेल्या नोंदींत दोन्ही पद्धती मिसळल्या होत्या, आणि गाळणी त्यांतला एक गट माझ्यापासून गुपचूप लपवत होती. नुसता गाळत राहिलो असतो तर हे कळलंच नसतं, कारण जे गळून गेलं ते दिसत नाही. फेऱ्याने ते जुळे भाऊ एकामागोमाग समोर आणले. तुम्ही फेरा बंद करू दिला नाहीत म्हणून ते सापडले, ताई.

दोन दिवस बसून सगळ्या नोंदी 'ऱ'च्या एकाच पद्धतीत आणल्या. किनाऱ्या, अपुऱ्या, कोपऱ्यात, सगळं. आज सकाळी 'दुस' लिहून टॅब दाबला. एकच 'दुसऱ्या' आला.

तुमचा,
शेजारच्या खुर्चीतला